गहू सोडण्याआधी रक्त तपासा

आपल्या कँटीनमध्ये हल्ली एक वाक्य वरचेवर कानावर पडतं : ‘मी ग्लूटेन सोडलंय.’ कुणाचं पोट फुगतं म्हणून, कुणाच्या तोंडावर पुरळ येतं म्हणून, कुणाला जिमच्या ट्रेनरने सांगितलं म्हणून. पुढच्याच वाक्यात कळतं की चपाती सोडलीय, पण सकाळचं उपीट चालू आहे. उपीट रव्याचं आणि रवा गव्हाचा. म्हणजे नेमकं काय सोडलं, याचाच पत्ता नाही.

यात हसण्यासारखं थोडं आहे आणि काळजी करण्यासारखं जास्त. या लेखात मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे : गव्हामुळे त्रास होतोय अशी शंका असेल, तर गहू सोडण्याच्या आधी रक्ताची तपासणी करून घ्या. हा क्रम उलटा झाला तर तपासणीचा उपयोग जवळजवळ संपतो. असं का, ते समजायला आधी ग्लूटेन म्हणजे काय, सिलिॲक हा आजार काय आणि रक्तात नेमकं काय शोधतात, हे पाहावं लागेल.

मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही. साहित्य मंडळाच्या अंकात रक्ततपासणीवर लेख कशाला, असं कुणी विचारेलही. पण लॅबचा रिपोर्ट हाही एक मजकूरच असतो. तो कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला हे ठाऊक नसेल तर त्याचा चुकीचा अर्थ लागतो. आणि इथे चुकीच्या अर्थाची किंमत परीक्षेतल्या मार्कांपेक्षा बरीच जास्त असते.

ग्लूटेन म्हणजे काय?

घरी करून पाहता येईल असा एक प्रयोग सांगते. कणकेचा घट्ट गोळा मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग पाण्यात दाबून दाबून धुवा. पाणी दुधासारखं पांढरं होतं. तो स्टार्च, म्हणजे पिठूळ भाग. तीन-चार वेळा पाणी बदललं की हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. तो बहुतांशी ग्लूटेन. कुरडयांसाठी गव्हाचा जो चीक काढतात, तो मुख्यतः स्टार्च असतो. पण त्यात ग्लूटेनचा अंश राहतोच, त्यामुळे ‘कुरडई चालते’ असं कुणी धरून चालू नये.

ग्लूटेन हे एकच प्रथिन नाही, ग्लायडिन आणि ग्लूटेनिन या दोन गटांतल्या प्रथिनांचं ते जाळं आहे. कणीक ताणली जाते, पाव फुगतो, बेळगावचा मांडा हातावर पसरत पसरत एवढा मोठा होतो, ते या जाळ्याच्या जोरावर. जव आणि राय या धान्यांतही याच जातीची प्रथिनं असतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका यांत ती नसतात. म्हणून तर भाकरी थापावी लागते, चपातीसारखी सहज लाटता येत नाही. आपल्या आज्ज्यांना हा फरक हाताने माहीत होता, त्याचं नाव तेवढं माहीत नव्हतं.

तीन वेगळे त्रास

‘गहू सोसत नाही’ या एका वाक्याखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात.

पहिली गव्हाची ॲलर्जी. यात शरीर आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं. खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, दम लागणं, असा हा प्रकार. दाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी असते, त्याच कुळातला.

दुसरी सिलिॲक आजार. ही ॲलर्जी नाही. यात ग्लूटेनच्या निमित्ताने शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. हा जन्मभराचा आजार आहे.

तिसरी ग्लूटेन सेन्सिटिव्हिटी. त्रास होतो, गहू सोडल्यावर बरं वाटतं, पण ॲलर्जीही सापडत नाही आणि आतड्याचं सिलिॲकसारखं नुकसानही दिसत नाही.

तिन्हींवरचा उपाय वरवर एकच वाटतो : गहू बंद. मग नाव कळून फरक काय पडतो? बराच पडतो. सेन्सिटिव्हिटी असलेल्या माणसाने लग्नात एक पुरी खाल्ली तर फार तर एक दिवस पोट दुखेल. सिलिॲकच्या माणसाला मात्र चपातीचा चतकोरही नियमितपणे चालत नाही. त्रास जाणवला नाही तरी आतून नुकसान सुरूच राहतं. शिवाय सिलिॲक असेल तर आई-वडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करावी लागते, कारण अशा जवळच्या नातलगांमध्ये दहा-पंधरा जणांत एकाला तो निघू शकतो.

आतड्यात काय होतं?

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं त्यांच्यातून रक्तात शिरतात. ग्लायडिनचे काही तुकडे आपल्या पाचकरसांना पूर्ण तोडता येत नाहीत. ते आतड्याच्या अस्तरात शिरतात. तिथे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, थोडक्यात टीटीजी, नावाचं आपलं स्वतःचं एक एन्झाइम असतं. एरवी जखमा भरून काढण्याच्या कामात त्याची मदत होते. ते या तुकड्यांत एक छोटासा रासायनिक बदल करतं. ज्यांच्या पेशींवर डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ या प्रकारचे रेणू आहेत, त्यांच्या पेशींना हे बदललेले तुकडे घट्ट चिकटतात. त्यांतल्या काहींच्या शरीरात मग धोक्याची घंटा वाजते. पांढऱ्या पेशी हल्ला करतात, उंचवटे झिजून सपाट होतात, आणि त्याच गोंधळात टीटीजी या घरच्याच एन्झाइमविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ लागतात.

उंचवटे गेले की खाल्लेलं अंगी लागत नाही. लहान मुलांत जुलाब, पोट पुढे आलेलं, हातपाय काडीसारखे, उंची खुंटलेली असं चित्र दिसतं. मोठ्या माणसांत तसं दिसेलच असं नाही. गोळ्या घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, सततचा थकवा, वारंवार येणारी तोंडाची फोडं, हाडांचा ठिसूळपणा, पाळीच्या तक्रारी किंवा नुसते गॅसेस, एवढंच असू शकतं. मुलींमध्ये रक्त कमी असणं इतकं नेहमीचं आहे की त्यामागे आतडं असू शकतं हे लवकर कुणाच्या डोक्यात येत नाही.

भाकरीपासून प्रयोगशाळेपर्यंत

या आजाराचं वर्णन जुनं आहे. ‘सिलिॲक’ हा शब्द पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये त्याचं आधुनिक वर्णन केलं आणि रुग्ण बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, असं मत मांडलं. पण कोणता आहार, हे कळत नव्हतं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे सिडनी हास मुलांना केळ्यांवर ठेवू लागले. मुलं सुधारली. श्रेय केळ्यांना मिळालं, पण त्या आहारात गहू नव्हता हे खरं कारण कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ते सिद्ध केलं नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. गव्हाचा संशय त्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे मोठी उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. सिलिॲकची मुलं मात्र त्या काळात तगून राहिली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली, अशी ही गोष्ट सांगितली जाते. डिके यांनी पुढे पद्धतशीर निरीक्षणं केली आणि १९५० च्या आपल्या प्रबंधात गहू हेच कारण असल्याचं मांडलं. १९५० च्या दशकातच आतड्याचा तुकडा काढून तपासण्याची सोय झाली आणि सपाट झालेले उंचवटे डोळ्यांना दिसले.

रक्ताची खात्रीची तपासणी यायला आणखी वेळ लागला. सुरुवातीला ग्लायडिनविरुद्धची प्रतिपिंडं मोजत, पण ती निरोगी माणसांतही सापडत. १९८० च्या दशकात एन्डोमायसियल, म्हणजे ईएमए, ही अधिक नेमकी प्रतिपिंडं सापडली. १९९७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की ही प्रतिपिंडं ज्याच्यावर जाऊन चिकटतात ते लक्ष्य म्हणजे टीटीजीच. तेव्हापासून साध्या यंत्रावर मोजता येणारी टीटीजी तपासणी सगळीकडे पसरली.

रक्तात नेमकं काय मोजतात?

एक गैरसमज आधी दूर करू. ही तपासणी रक्तात गहू किंवा ग्लूटेन शोधत नाही. ग्लूटेनमुळे शरीराने *स्वतःविरुद्ध* जी प्रतिपिंडं तयार केली, ती मोजते. उपाशीपोटी जायची गरज नसते. हाताच्या शिरेतून थोडं रक्त घेतात, बस.

पहिली तपासणी टीटीजी-आयजीए. आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार, आतड्यासारख्या ओलसर अस्तरांवर पहारा करणारा. गहू खात असलेल्या रुग्णांपैकी दहातल्या नऊ किंवा त्याहून अधिक जणांना ही तपासणी पकडते.

तिच्याच जोडीला एकूण आयजीए मोजतात. काही लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच तयार होत नाही. अशा माणसाची टीटीजी-आयजीए कायम निगेटिव्हच येणार, आजार असो वा नसो. सिलिॲकच्या रुग्णांत असे शंभरात दोन-तीन असतात. त्यांच्यासाठी आयजीजी प्रकारच्या तपासण्या करतात : टीटीजी-आयजीजी किंवा डीजीपी-आयजीजी.

ईएमए ही पडताळणीची तपासणी. यात रुग्णाचा सीरम ऊतीच्या पातळ कापावर टाकून सूक्ष्मदर्शकाखाली चमक पाहतात. वाचणाऱ्याचा डोळा सरावलेला लागतो. ती पॉझिटिव्ह आली तर सिलिॲकची शक्यता फार मोठी.

रिपोर्टवरचा आकडा वाचताना शेजारी छापलेली मर्यादा पाहायची. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे एकक आणि मर्यादा वेगळ्या असतात. एका लॅबचा ‘१८’ आणि दुसऱ्या लॅबचा ‘१८’ यांची तुलना होत नाही. मर्यादेच्या किती पट आहे, हे बघायचं.

‘निगेटिव्ह’ कधी खरं?

आता मुख्य मुद्दा. प्रतिपिंडं तयार होतात ती ग्लूटेन पोटात जात असल्यामुळे. गहू बंद केला की ती हळूहळू उतरायला लागतात. काहींची काही महिन्यांतच मर्यादेखाली येतात, काहींना वर्ष किंवा अधिक लागतं. उपचार चालू असलेल्या रुग्णासाठी ही आनंदाची गोष्ट आहे. पथ्य लागू पडतंय की नाही हे पाहायला डॉक्टर तीच तपासणी पुन्हा करतात. पण ज्याचं निदानच झालेलं नाही, त्याच्यासाठी हाच घसरलेला आकडा फसवा ठरतो. आजार आहे, पण रिपोर्ट म्हणतो ‘निगेटिव्ह’.

माझ्या मावसबहिणीचं असंच झालं. एकोणीस वर्षांची. वर्षभर लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन आठच्या वर जाईना. पोट कायम फुगलेलं. कुणीतरी ग्लूटेन सोडायला सांगितलं, तिने सोडलं, आणि तीन-चार आठवड्यांत खरोखरच बरं वाटायला लागलं. पाच महिन्यांनी रक्त तपासलं. निगेटिव्ह. मावशी म्हणाली, “अगं, काही नाही ना निघालं? मग खा की चपाती!” डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न विचारला, “तपासणीच्या वेळी गहू खात होतीस का?” नाही म्हटल्यावर ते म्हणाले, “मग या रिपोर्टवरून मला काहीच सांगता येत नाही.”

आता खात्री करायची तर परत गहू खायला हवा. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार तपासणीआधी किमान ६ आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लूटेन असायला हवं. बरं वाटत असताना मुद्दाम आजार ओढवून घ्यायचा, तोही सेमिस्टरच्या मध्यावर. “ताई, हे आधी कुणी का नाही सांगितलं गं?” असं ती मला फोनवर म्हणाली. तिच्या त्या प्रश्नासाठीच हा लेख लिहायला घेतला.

तिच्यासारख्यांना एक मधला मार्ग असतो : एचएलए तपासणी. डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ही जनुकांची गोष्ट, गहू खा किंवा न खा, ती बदलत नाही. दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ नक्की नाही, विषय संपला. पण असतील तर ‘आजार आहे’ असं मात्र ठरत नाही, कारण ही जनुकं आपल्याकडे दर तीन माणसांत साधारण एकाजवळ असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यात काही होत नाही. माझ्या बहिणीजवळ ती निघाली. त्यामुळे उत्तर अजून बाकी आहे. मे महिन्याच्या सुट्टीत ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली गहू पुन्हा सुरू करणार आहे.

‘पॉझिटिव्ह’ आल्यावरही गहू लगेच सोडू नका

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तसंच आहे. मोठ्या माणसांत टीटीजी वाढलेली दिसली की साधारणपणे पुढची पायरी असते एन्डोस्कोपी : दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे चार-सहा बारीक तुकडे काढायचे आणि उंचवटे किती झिजलेत ते पाहायचं. त्याआधी गहू सोडला तर आतडं भरून येऊ लागतं आणि तुकडाही फसवतो. लहान मुलांत आकडा मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमएही पॉझिटिव्ह आली, तर युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांच्या नियमांनुसार दुर्बिणीशिवाय निदान करता येतं.

उलट बाजूही आहे. आकडा थोडासाच वाढलेला असेल तर तो इतर कारणांनीही असू शकतो. आणि आपल्या देशात जिआर्डियासारखा जंतुसंसर्ग किंवा ट्रॉपिकल स्प्रू यांमुळेही आतड्याचे उंचवटे झिजतात. म्हणून रक्त आणि तुकडा, दोन्ही एकत्र वाचावे लागतात.

सेन्सिटिव्हिटीची तपासणी नाही

तिसऱ्या प्रकारासाठी, म्हणजे सेन्सिटिव्हिटीसाठी, खात्रीची रक्ततपासणी आज उपलब्ध नाही. ॲलर्जी नाही, सिलिॲक नाही, हे आधी सिद्ध करायचं. मग डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्याने काही आठवडे गहू बंद, नंतर परत सुरू, असं करून पाहायचं. म्हणजे इथेही सिलिॲकची तपासणी आधीच यायला हवी.

बऱ्याचदा दोषी ग्लूटेन नसतंच. नॉर्वेतल्या एका अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, ‘मला ग्लूटेन सोसत नाही’ म्हणणाऱ्या ५९ जणांना तीन प्रकारच्या म्युस्ली बार खायला दिल्या : एकीत ग्लूटेन, एकीत फ्रुक्टान, एकीत दोन्ही नाही. कोणती कोणती हे त्यांना माहीत नव्हतं. जास्त त्रास झाला तो फ्रुक्टानने. फ्रुक्टान ही गव्हातलीच एक प्रकारची साखरसाखळी. ती कांद्यात आणि लसणातही असते. म्हणजे एखाद्याने चपाती सोडून कांद्याची भजी चालू ठेवली तर पोट का फुगतं, याचं कोडं सुटायला मदत होईल.

बाजारात शंभर-दोनशे पदार्थांची ‘फूड इन्टॉलरन्स’ तपासणी मिळते. ती आयजीजी प्रतिपिंडं मोजते. तो पदार्थ तुम्ही खाल्ला आहे, एवढंच त्यावरून बहुधा कळतं. युरोप आणि अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी निदानासाठी ती वापरू नका, असं स्पष्ट सांगितलेलं आहे. सिलिॲकसाठीच्या टीटीजी-आयजीजीशी तिची गल्लत करू नये.

आपल्याकडे आहे का हा आजार?

‘हे सगळं उत्तरेकडचं, नाहीतर गोऱ्यांचं’ असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. आकडे काय सांगतात? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३ हजारांहून अधिक प्रौढांचं रक्त तपासलं होतं. ही प्रतिपिंडं उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत सापडली. पण जनुकं? उत्तरेत ३८.१ टक्के, दक्षिणेत ३६.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखीच. मोठा फरक दिसला तो ताटात : उत्तरेत दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५ ग्रॅम.

बेळगाव-गोव्याकडचे आपण या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो. माझ्या आजीच्या ताटात भाकरी आणि भात होता. माझ्या डब्यात चपाती, संध्याकाळी पाव किंवा नूडल्स आणि गोव्याला गेलं की पोई. जनुकं तीच, ताट बदललं. म्हणून ‘आपल्याकडे नसतं’ हे वाक्य आता तपासून घ्यायला हवं.

निदान पक्कं झालं की उपाय एकच : ग्लूटेन कायमचं बंद. आपल्या भागात भाकरी असल्यामुळे हे तितकं अवघड नाही, पण काही खाचखळगे आहेत. ज्वारी चालते, पण गव्हाच्या पाठोपाठ त्याच गिरणीतून दळून आणली तर चालत नाही. पिठात गहू मिसळलेला असतो. खपली गहू पचायला हलका म्हणून आपल्या सीमाभागात हौसेने खातात. तो गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तेव्हा डबीवरची यादी वाचावी. सातूच्या पिठात गहू किंवा जव असू शकतात, माल्टच्या पेयात जव असतात. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर भारतातल्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावं लागतं.

प्रसादाचा प्रश्न

पथ्यात सगळ्यात अवघड जागा येते ती श्रद्धेची. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो, आणि तो नाकारणं मैत्रिणींना किती जड जातं ते मी पाहिलंय. आम्हा कॅथलिकांसाठी मिस्सेतली पवित्र भाकर गव्हाचीच असावी लागते, हा चर्चचा नियम. २००३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये रोमहून आलेल्या पत्रांत हे स्पष्ट केलं आहे : ग्लूटेन पूर्ण काढलेली भाकर चालत नाही, पण भाकर बनण्यापुरतं अत्यल्प ग्लूटेन असलेली चालते. ज्याला तेवढंही सोसत नाही, त्याला फक्त द्राक्षारसातून कम्युनियन घेता येतं आणि ते तितकंच पूर्ण मानलं जातं. एक बारकावा : मुख्य प्याल्यात फादर भाकरीचा एक तुकडा टाकतात, म्हणून अशा माणसासाठी प्याला वेगळा ठेवावा लागतो. फादरना आधी सांगितलं की ही सोय होऊ शकते. यात संकोच कसला? पण तेही निदान हातात असेल तरच ठामपणे सांगता येतं. ‘मला वाटतं मला सोसत नाही’ आणि ‘मला सिलिॲक आहे’ या दोन वाक्यांचं वजन वेगळं आहे, वेदीसमोरही आणि मावशीच्या स्वयंपाकघरातही.

डॉक्टरांकडे जाताना

शेवटी, लक्षात ठेवायला सोपं व्हावं म्हणून चार प्रश्न देते. मी अजून रोज गहू खातेय का? टीटीजी-आयजीएबरोबर एकूण आयजीए सांगितलीय का? रिपोर्टवरचा आकडा त्या लॅबच्या मर्यादेच्या किती पट आहे? आणि माझ्या घरात कुणाला सिलिॲक, टाइप-१ मधुमेह किंवा थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर ते डॉक्टरांना न विचारता सांगा, कारण अशा घरांत सिलिॲकची शक्यता वाढलेली असते.

ही उत्तरं मिळेपर्यंत डब्यातली चपाती खात राहा. तपासण्या संपल्यावर ती सोडायची की नाही, ते ठरवायला वेळ आहेच.